उजवा पंख

शनिवार, १४ डिसेंबर. सकाळचे अकरा. आपल्या प्राणिशास्त्र विभागाचा सेमिनार हॉल.

हजर: तुझी आई, पांढऱ्या साडीत, पहिल्या रांगेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना तुमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या दोघी. एम.एस्सी.ची सगळी मुलं, दुसऱ्या वर्षाची खुर्च्यांवर, पहिल्या वर्षाची मागे भिंतीला टेकून. वनस्पतिशास्त्राचे दोघं. प्राचार्य, दीप लावण्यापुरते. ऑफिसातल्या शिंदेबाई, ज्या तुझ्या बिलांवरून कायम तुझ्याशी भांडायच्या आणि सगळ्यांच्या आधी येऊन रडत बसल्या होत्या. मी. आणि सर.

सुजाता, ही हजेरी मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. त्या सकाळी काय बोललं गेलं, हे कोणी कोणी ऐकलं ते पुढे लागणार आहे.

सर म्हणजे तुझे पीएच.डी.चे गाईड, आपले विभागप्रमुख. इथेही मी नुसतं सरच लिहिणार. नाव छापून यायची त्यांना फार हौस आहे. ती माझ्या हातून भागणार नाही.

हार शेवंतीचा आणला होता, झेंडूच्या वासानं तुझं डोकं दुखायचं म्हणून. खुर्च्या, माइक, पाणी, आईंना आणायला-सोडायला रिक्षा, सगळं मीच बघितलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "माधुरी, शोकसभा आहे, प्रॅक्टिकल परीक्षा नाही." पण कामं संपली की मला रडू येतं, म्हणून मी कामं संपू देत नव्हते.

सरांनी भाषण छान केलं. ते छानच करतात. तू त्यांना मुलीसारखी होतीस. तुझे हात म्हणजे देवाची देणगी होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वाढघटक आणि त्यांचे रिसेप्टर यांवरचा माझा शोधनिबंध अंतिम टप्प्यात आहे. तो मी सुजाताच्या स्मृतीस अर्पण करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

तुझंच काम, तुलाच अर्पण. गोदावरीचं पाणी ओंजळीत घेऊन गोदावरीलाच अर्घ्य देतात, तसं. पण अर्घ्य देणारा नदी आपल्या नावावर करून घेत नाही गं.

आई टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, तुझा मान होतोय. त्यांचे ते दोन हात बघितले आणि मी ठरवलं. काय ठरवलं ते त्या क्षणी मलाही नीट कळलं नव्हतं. एवढंच कळलं की हे सोडायचं नाही.

*

तू मला या सगळ्यात ओढलंस ते अंड्यांपायी. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी. वेळापत्रक, स्टॉक, किल्ल्या माझ्याकडे. तू तासिका तत्त्वावरची, दर जूनला नव्यानं नेमणूक होणारी. तुझ्या भ्रूणांशी माझा काय संबंध? पण तुला हॅचरीतून फलित अंडी आणायला जोडीला कोणीतरी हवं असायचं. बाजारातल्या अंड्यांत जीव नसतो, ती पोळीबरोबर खायची, हा तुझा पहिला धडा.

एसटीत आपण दोघी मांडीवर एकेक ट्रे घेऊन बसायचो, खड्डा आला की श्वास रोखून. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, तिकीट दोघींचंच का पिल्लांचं पण फाडू?"

"त्यांना हाफ लागतं का हो?" तू म्हणालीस. "अजून पाय फुटले नाहीत."

सगळी बस हसली. तू मात्र ते गंमत म्हणून बोलली नव्हतीस. पाय कधी फुटतात, कशानं फुटतात, पंखाच्या जागी पंखच का येतो आणि तो नेमका कुठं थांबतो, हेच तर तुझं सगळं आयुष्य होतं.

अंडं आडवं ठेवायचं. वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करायची. सिरिंजनं थोडा पांढरा बलक काढला की आतला जीव कवचापासून खाली सरकतो. मग वाकड्या टोकाच्या कात्रीनं छोटी खिडकी कापायची. पहिल्यांदा तू मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावलास तेव्हा पिवळ्यावर एक लाल ठिपका उड्या मारत होता. मी म्हटलं, "हे काय?" तू म्हणालीस, "हृदय. अजून त्याला ठाऊक नाही की आपण कोंबडी आहोत." त्या दिवशी मला घरी स्वयंपाक सुचला नाही. सतरा वर्षं हृदयाची रचना फळ्यावर काढत होते मी, आणि हृदय सुरू होताना पहिल्यांदा बघितलं ते तुझ्यामुळे. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानते.

तिसऱ्या दिवशी भ्रूण डाव्या कुशीवर वळतो. उजवी बाजू वर येते, खिडकीकडे. डावी खाली दबते. म्हणून प्रयोग उजव्या पंखावर करायचा आणि खालच्या डाव्याला हात लावायचा नाही. तो तुलनेला ठेवायचा. "उजवा वर, डावा खाली." हे तू प्रत्येक मुलाकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचीस. नंतर मुलं चहा पितानासुद्धा ते म्हणायची, तुला चिडवायला.

रिसेप्टर म्हणजे काय, हे मला पुस्तकातून माहीत होतं. समजलं तुझ्याकडून, ओझरच्या रस्त्याला, एसटीच्या खिडकीतून द्राक्षबागा दिसत असताना. तुझी आई बागांत मजुरीला जायची आणि शाळेला सुट्टी असली की तूही. घड वाढावेत म्हणून मगमध्ये औषध घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा.

"घड ऐकायला तयार असावा लागतो," तू म्हणालीस. "आठवडाभर उशीर झाला की कितीही बुडव, नुसता ओला होतो. औषध तेच, घड तोच. ऐकणारं कोणी उरलेलं नसतं."

"म्हणजे रिसेप्टर."

"झाडातलं वेगळं असतं, पण चालेल. कोंबडीकडे ये." मग तू माझ्या पर्सच्या चेनवर दाखवत सांगितलंस. रिसेप्टर पेशीच्या आवरणात आरपार खोचलेला असतो. एक टोक बाहेर, एक आत. ग्रोथ फॅक्टर हा नुसता निरोप्या. तो घरात शिरत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून दोन रिसेप्टरना एकत्र आणतो. ते जवळ आले की आतल्या बाजूनं एकमेकांना फॉस्फेट लावतात, तेव्हा कुठे ते जागे होतात. मग आत एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि पेशी ठरवते, वाढायचं, वाटून दोन व्हायचं, का आहे तिथंच थांबायचं.

"आणि एकटाच रिसेप्टर असला तर?"

"एकट्याला ऐकू येतं गं. करायला दोघं लागतात."

पंखाच्या कोंबाच्या टोकाला एक बारीक कड असते, ती हा निरोप सोडत राहते. कड काढली की पंख तिथंच थांबतो. कडेच्या जागी ग्रोथ फॅक्टरमध्ये भिजवलेला मणी ठेवला की पुन्हा वाढू लागतो. हे जगाला आधीच माहीत होतं. तुझा प्रश्न पुढचा होता: निरोप चालूच ठेवायचा, पण औषधात भिजवलेला मणी टेकवून रिसेप्टरचा कान थोडा वेळ बंद करायचा, आणि मग मणी काढून मोकळा करायचा. पंख झालेली तूट भरून काढतो का?

तुला दिसलं ते असं. कान लवकर उघडला तर भरून काढतो, पूर्ण, जणू काही झालंच नाही. एका वेळेच्या पलीकडे गेलं की नाही. निरोप येत असतो, कानही उघडा असतो, पण टोकाची बोटं येत नाहीत ती नाहीतच. ती वेळ नेमकी कुठं संपते, हे तू शोधून काढलंस. त्यासाठी तू किती खिडक्या कापल्यास हे मी सांगू शकते, स्टॉक रजिस्टर माझ्याकडे असतं. सांगत नाही. तुझी मान त्यातच गेली.

*

आपलं भांडण अर्धवट राहिलं, सुजाता. ते मी पूर्ण करणार आहे, तू उत्तर द्यायला नसलीस तरी. किंबहुना म्हणूनच.

निबंधाचा पहिला मसुदा तूच मला दाखवलास, कॅन्टीनमध्ये, मिसळीची वाट बघत. वर एकच नाव होतं, सरांचं. तू शेवटच्या पानावर होतीस, आभारांत. "तांत्रिक साहाय्य."

"तांत्रिक साहाय्य!" मी ओरडले. "हे काय पंखा दुरुस्त केलास का तू?"

"हळू बोल."

"तू कल्पना मांडलीस. तू अंडी उघडलीस. तू लिहिलंस. हे वाक्यसुद्धा तुझं आहे, मला कळतं."

"मग? काम झालं ना? पेशीला फरक पडतो का नाव कोणाचं आहे ते?"

"पेशीला जूनमध्ये नेमणूक लागत नाही. तुला लागते."

"तेच म्हणते मी." तू चमचा खाली ठेवलास. "नेमणुकीच्या कागदावर सही कोणाची असते? तुझी? तुझी नोकरी पक्की आहे, माधुरी. पक्क्या नोकरीत राग परवडतो."

  पण पक्क्या नोकरीतला म्हणून राग खोटा ठरत नाही.

हॉस्पिटलमधून तुझा शेवटचा फोन आला तेव्हाही तू तेच घेऊन बसलीस. "सर येऊन गेले. सफरचंदं आणली होती."

"आणि मसुदा?"

"माधुरी, भांडू नकोस हं त्यांच्याशी. माझ्यासाठी म्हणून तर अजिबात नको."

मी काय म्हटलं ते आठव. मी हो म्हटलं नाही. मी म्हटलं, "तू आधी बरी हो." तू बरी झाली नाहीस. करार झालाच नाही. माझ्यावर कसलंही बंधन नाही.

*

तर अर्पण करून झाल्यावर सरांनी प्रोजेक्टर लावायला सांगितला. "सुजाताच्या आवडत्या विषयाची एक झलक."

पडद्यावर तुझा फोटो आला. म्हणजे तू काढलेला. बाहेर काढून पाठीवर ठेवलेला भ्रूण, दोन्ही पंख पसरलेले. एक पूर्ण, एक टोकाशी खुंटलेला. खुंटलेला आपल्या डाव्या हाताला दिसतो. साहजिक आहे: समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. तू चित्रावर उजवा-डावा लिहिलं नव्हतंस. अंडं उघडणाऱ्याला ते लिहावं लागत नाही.

सरांनी लेझरचा ठिपका खुंटलेल्या पंखावर नेला. "इथे, डाव्या पंखावर, आम्ही मणी ठेवला."

मी आईंकडे बघत होते. मला आधी फक्त खुर्च्या करकरल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या वर्षाची अख्खी रांग एकदम ताठ बसली होती.

सुरगाण्याची प्रतीक्षा उठली. तुला माहीत आहे ना ती, वर्गात हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात 'येस' म्हणते. "सर, डाव्या?"

"हो, डाव्या."

"पण सर, डावा तर खाली असतो."

"कशाच्या खाली?"

"त्याच्याच. तो डाव्या कुशीवर वळलेला असतो ना."

सर हसले. मायेनं. "बेटा, आपण त्याला फिरवून घेतो."

मागून भिंतीपाशी कोणीतरी, पहिल्या वर्षाचं कोणीतरी, म्हणालं, "रोज फिरवून घेता, सर?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर सरांनी रागावून वेळ मारून नेली असती. तिथं तीसेक पोरं नुसती त्यांच्याकडे बघत होती. ज्यानं आयुष्यात एक खिडकी कापली आहे त्याच्या तोंडून 'डाव्या पंखावर' हे शब्द बाहेरच पडत नाहीत, हे त्या खोलीत त्यांना आणि मला कळत होतं. सरांना अजून कळलं नव्हतं. ते तसेच पुढच्या स्लाइडवर गेले.

आईंनी वळून मला विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही आई. पोरं प्रश्न विचारतायत."

"तिच्या पोरी हायेत, विचारणारच."

मला आनंद झाला, सुजाता. तुझ्या फोटोसमोर, शेवंतीच्या हाराशेजारी, माझ्या पोटातून गरम गरम आनंद वर आला. मला त्यांची फजिती बघायची होती. बघितली. पुरली नाही.

*

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. निबंध परीक्षकांकडून परत आला होता. दोन गोष्टी होत्या. तुझ्या चित्राखाली सरांनी स्वतः घातलेली ओळ वाचून परीक्षकानंही विचारलं होतं, डाव्या पंखापर्यंत तुम्ही पोचलात कसे? आणि एक तुलनेचा प्रयोग कमी होता: औषध न लावलेला, नुसता कोरा मणी तितकाच वेळ ठेवून पाहायचा, म्हणजे पंख औषधानं खुंटला, मणी टोचल्यानं नाही, हे सिद्ध होतं. तू तो करणारच होतीस. तेवढ्यात तुला ॲडमिट केलं.

"छोटासा प्रयोग राहिलाय, मॅडम," सर म्हणाले.

"करा ना, सर."

"माझे हात आता पूर्वीसारखे स्थिर राहिले नाहीत."

"पूर्वी म्हणजे कधी, सर?"

त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "प्रतीक्षा करेल. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

मी यादी करूनच गेले होते. "सुजाताचं नाव पहिलं. प्रतीक्षाचं दुसरं, ती अंडी उघडणार म्हणून. तुमचं शेवटी, गाईड म्हणून. ते तुमचं आहे, ते कोणी काढत नाहीये. आणि डावा खोडून उजवा. हे संपादकांना मेलवर कळवा, प्रत मला. मग इन्क्युबेटर लावते."

"गेलेल्या माणसाला नावाचा काय उपयोग, मॅडम?"

"होती तेव्हा दिलं असतं तर झाला असता."

"तिला हे आवडलं नसतं. तिला वाद आवडायचे नाहीत."

"हो. पण तिला डावा-उजवा कळायचा."

ते लाल झाले. माझ्या वर्तणुकीबद्दल प्राचार्यांशी बोलावं लागेल म्हणाले. मी म्हटलं जरूर बोला, त्या दिवशी दीप लावायला तेही होते. मग त्यांनी प्रतीक्षाला थेट बोलावलं. ती म्हणाली, मॅडमना विचारून सांगते. मग दुसऱ्या दोघींना. त्याही म्हणाल्या, मॅडमना विचारून सांगतो. मी त्यांना काही शिकवलं नव्हतं गं. शिकवलं होतंस ते तू.

आता पुढचं नीट ऐक. हे ऐकायला तू असायला हवी होतीस.

मंगळवारी सरांनी इन्क्युबेटर-रूमची किल्ली मागितली. मी लगेच दिली. दुपारी बघते तर शिपाई दोन ट्रे अंडी घेऊन येतोय, कॉलेजसमोरच्या दुकानातून. सरांनी त्याला सांगितलं होतं, अंडी आण. त्यानं आणली. पांढरी, स्वच्छ, ऑम्लेटची. सरांनी ती स्वतः ओळीनं मांडली. पेन्सिलनं खुणासुद्धा केल्या.

मी दारात उभी होते. मी एक शब्द बोलले नाही.

ती तीन दिवस उबली. जाता-येता मी तापमान बघत होते, बरोबर होतं. शुक्रवारी सरांनी दार लोटून घेतलं आणि खिडक्या कापल्या. मी बाहेर जर्नल तपासत बसले होते. कवच फुटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. प्रत्येक अंड्यात स्वच्छ पिवळा गोळा, त्यावर काहीही नाही. एकही लाल ठिपका नाही. त्यांना काय वाटलं असेल? आपण मारली? का आपल्याला दिसत नाही? मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. मला फक्त आवाज ऐकायचे होते, आणि मी शेवटच्या अंड्यापर्यंत बसून राहिले.

बाहेर आले तेव्हा कोटाच्या बाहीला पिवळं लागलं होतं. म्हणाले, "मॅडम, अंडी कुठून आणायचात तुम्ही?"

"सुजाता आणायची, सर."

ही क्षुद्रता असेल. असू दे. तुझ्या वाटणीची क्षुद्रताही मीच करून घेते आहे; तू आयुष्यभर एवढीशीही केली नाहीस.

त्याच संध्याकाळी मेल आला. तुझं नाव पहिलं. डावा खोडून उजवा. मी तो मेल उभ्या उभ्या वाचला आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन तुझ्या खुर्चीत बसले. तुझ्या खुर्चीत अजून कोणी बसत नाही. मी बसले. मला तुला सांगायचं होतं, आणि सांगायला कोणी नव्हतं. निरोप होता गं. ऐकणारं कोणी नव्हतं.

*

एक औपचारिकता उरली होती. लेखक हयात नसला तर त्याच्या नावासाठी घरच्यांची लेखी संमती लागते. म्हणून आज, रविवारी, मी तुमच्या घरी गेले.

आईंनी दार उघडलं. "जयभीम. ये." भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी आता तू. तुझी चप्पल अजून दाराशीच आहे. आईंनी चहा टाकला. मी कागद काढला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.

त्यांनी आधी चष्मा लावला. "तिचं नाव कुठंय?"

"हे इथं."

"सगळ्यांत म्होरं?"

"सगळ्यांच्या आधी."

त्यांनी ते नाव बोटानं चाचपलं, कापडाचा पोत बघावा तसं. "आन् तो तिचा सर कुठंय?"

"हे, शेवटी."

"बरं झालं." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिशी लय बोलला तो. मी टाळ्या वाजवल्या. मागून मला कॉलनीतल्या बायांनी सांगितलं, पोरांनी काय इचारलं ते. तू का नाय सांगितलं?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला तरास व्हायचं काय राह्यलंय आता?"

मी पेन पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"सही म्हंजी, हे जे लिवलंय ते माझ्या लेकीनं केलंय, असं मी सांगायचं. बरुबर?"

"बरोबर."

"मंग मला कळाया नको, काय केलंय ते? इतकी वर्षं ती सकाळी डबा घेऊन जायची, राती मान शेकीत बसायची. मी इचारलं की म्हणायची, आई, अंडी बघते. मला एवढंच ठावं हाय. अंडी."

"मी सांगते ना, आई." मी पुढे सरकले. "पंखाच्या टोकाला..."

त्यांनी हात वर केला. "तू नको. तू तिची मैतरीण. तू रडत सांगशील, मी रडत हो म्हणीन, कळणार कुणालाच नाय. त्याला पाठव."

"कोणाला?"

"सराला. हितं येऊ दे. बसू दे माझ्यासमोर, आन् मला कळंल अशा भाषेत सांगू दे, माझ्या सुजातानं काय शोधलं. मला कळलं की मी सही करते."

मी म्हटलं, "आणि त्यांना नाही सांगता आलं तर?"

"तर शिकून ये म्हणावं. पोरी हायेत की तिच्या. त्यांच्याकडनं शिकावं आन् मंग यावं. मला घाई नाय."

सुजाता, मी हे सगळं जुळवून आणलं, मेल, किल्ली, यादी, आणि मला वाटत होतं की सूड माझा आहे. चहाची कपबशी हातात घेऊन मी तुझ्या आईकडे बघत राहिले. माझं काम फार छोटं होतं.

कोऱ्या मण्याच्या प्रयोगासाठी हॅचरीला सांगून झालं आहे. प्रतीक्षानं कात्रीला धार लावून आणली आहे. संपादकांना मुदत वाढवून मागितली आहे. संमतीचा कागद माझ्या पिशवीत आहे, सहीची जागा तशीच कोरी. सरांना फोन करून तुमच्या घरचा पत्ता द्यायचा राहिला आहे. तो त्यांना माहीत नाही. उद्या स्टाफरूममधून करीन, सगळे असताना.